अकरा योजना

अर्पिता बुलढाण्यात वेबसाइट तयार करून द्यायची. मंगल कार्यालयं, शिकवणी वर्ग, दोन-तीन दातांचे डॉक्टर हे तिचं गिऱ्हाईक. काम बरं मिळायचं, पण सगळं एकाच साच्यातलं. फोटो बदलायचे, पत्ता बदलायचा, झालं. त्यामुळे भाऊराव एक दिवस तिच्याकडे येऊन म्हणाले, "मले कॉलेजच्या पोराईसाठी एक साइट पाह्यजे," तेव्हा पुढचं ऐकून घ्यायच्या आधीच तिनं होकार दिला.

भाऊराव निवृत्त मुख्याध्यापक. कारंजा चौकाजवळ दोन खोल्यांत त्यांची एक छोटी संस्था होती. दरवर्षी काही मुलांची फी ती भरायची. "पन किती जनाची भरनार?" ते म्हणाले. "सरकारच्या, कंपन्याईच्या, देवस्थानाईच्या गंज शिष्यवृत्त्या असतात. आपल्या पोराईले मालूमच नसते. तारीख निघून गेल्यावर समजते. पोरानं आपली माहिती भरली की त्याले काय काय भेटू शकते ते एका जागी दिसलं पाह्यजे."

पावसाळाभर दोघांनी माहिती गोळा केली. अटी, कागदपत्रं, शेवटच्या तारखा. मग अर्पिता मांडणीला बसली. तिनं सगळं पाच प्रश्नांवर आणलं. शिक्षण कोणतं, प्रवर्ग कोणता, घरचं उत्पन्न किती, अपंगत्व आहे का, आईवडील हयात आहेत का. आणि पडद्याच्या वरच्या भागात तिनं एक मोठा हिरवा आकडा ठेवला. तुमच्यासाठी इतक्या योजना. उत्तर बदललं की आकडा तिथल्या तिथे बदलायचा. खरेदीच्या साइटवर असतं तसं.

भाऊरावांना तो आकडा फार आवडला. एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते, ही अट बहुतेक योजनांना होती. अर्पितानं ती खाली बारीक अक्षरांत टाकली. वर टाकली असती तर आकड्याचा रुबाब गेला असता.

साइट उघडण्याआधी ती एखाद्या खऱ्या विद्यार्थिनीनं वापरून पाहावी असं अर्पिताला वाटत होतं. भाऊरावांनी पुष्पांजलीचं नाव सुचवलं. जानेफळची मुलगी, मेहकरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. मागच्या साली संस्थेनं तिची फी भरली होती. "तिच्या बापाचं डायलिसिस चालू आहे, गोविंदा नाव त्याचं," भाऊराव म्हणाले. "मंगळवारी अन् शुक्रवारी दोघं दवाखान्यात येतात. ते पोट्टी दिवसभर बाहेर बसून असते. तिलेच दाखव."

अर्पिता शुक्रवारी दवाखान्यात गेली. दुपार झाली होती. गोविंदाचं मशीन नुकतंच सुटलं होतं आणि तो बाहेरच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसला होता. पन्नाशीच्या आतला माणूस, पण चेहरा मातकट झालेला. हाताला कापूस चिकटवलेला. शेजारी पुष्पांजली प्रॅक्टिकलची वही मांडीवर घेऊन आकृती काढत होती. भाजीपाल्याचं दोन एकर वावर, आई शालूबाई एकटी ते पाहते, घरात आणखी कोणी नाही, हे बोलता बोलता कळलं.

अर्पितानं आपला टॅब तिच्या हातात दिला. "मी काही सांगणार नाही. तूच भर. कुठं अडते ते मले पाहायचं आहे."

पुष्पांजली भराभर भरत गेली. गोविंदा डोळे उघडून शेजारून पाहू लागला. त्याला वाचता येत होतं. वरचा आकडा वीसवरून नऊवर आला, मग पाचवर, मग तीनवर.

"तीनच?" तो म्हणाला.

"तीन बी गंज झाल्या, बाबा," पुष्पांजली म्हणाली आणि शेवटच्या प्रश्नावर आली. तिथे दोन गोल होते, एकमेकांना चिकटून. वडील हयात आहेत, हा आधीपासूनच भरलेला. वडील हयात नाहीत. तिचं बोट दुसऱ्या गोलावर पडलं.

वरचा आकडा अकरा झाला.

पुष्पांजलीनं लगेच पहिला गोल दाबला. पुन्हा तीन झाले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. अर्पितानं आपल्या कागदावर लिहून घेतलं की हे दोन गोल जरा लांब ठेवायला हवेत.

"मांग जाय," गोविंदा म्हणाला. "काय दिसलं ते पाहू दे."

"काही नाई, बाबा. चुकून लागलं."

त्यानं पुन्हा डोळे मिटले. थोड्या वेळानं चिखलीमार्गे जाणारी त्यांची गाडी होती. घरी निवांत पाहा म्हणून अर्पितानं साइटची लिंक पुष्पांजलीच्या फोनवर पाठवली. निघताना गोविंदानं तिला विचारलं, "ताई, तुमचं ऑफिस कोठी आहे?"

पंधरवड्यानं तो एकटाच ऑफिसात आला. भाऊराव नव्हते. अर्पितानं खुर्ची दिली, पाणी पुढे केलं. त्यानं पाण्याला हात लावला नाही. "मोजून प्या लागते," तो म्हणाला आणि मग म्हणाला की, गावात एक बाई आहे, तिचा नवरा वारला, पोरगा कॉलेजात आहे, त्याच्यासाठी त्या अकरा योजना पाहायच्या होत्या.

अर्पितानं त्या उघडून दाखवल्या. तो एकेक नीट वाचत गेला. पुढे त्यानं जे विचारलं ते गावातल्या बाईनं विचारलं नसतं.

"हे मृत्यूचा दाखला मांगतात. तो कधीचा लागते? फॉर्म भरल्यावर मानूस वारला तर चालते काय?"

"शेवटच्या तारखेच्या आधीचा लागतो."

"अन् दाखला ग्रामपंचायतीतून किती दिसात भेटते?"

अर्पितानं त्याच्याकडे पाहिलं. तो पडद्याकडे पाहत होता. "काका, त्या बाईचा नवरा वारला आहे ना?"

"हाव. वारला."

त्यानं उठताना टेबलाला धरलं. जिन्यावरून उतरताना त्याचा थांबून थांबून पाय टाकण्याचा आवाज तिला ऐकू येत राहिला. मनात काही तरी टोचत होतं, पण त्याला नाव द्यायची तिची तयारी नव्हती. संध्याकाळी भाऊराव आल्यावर तिनं एवढंच म्हटलं, "सर, तो वरचा आकडा काढून टाकू का? नाहीतर वडिलांचा प्रश्न वेगळ्या पानावर नेते."

"काऊन?"

"बरं दिसत नाही ते. बाप मेला की आकडा वाढतो."

भाऊरावांनी चष्मा काढून पुसला. "बाप मेलेल्या पोराले जास्त मदत लागते, म्हनून वाढते. त्याच्यात वाईट काय? अन् उद्घाटन तोंडावर आलं. ज्याले ज्याले दाखवली, ते तो आकडा पाहूनच थांबून राह्यले. राहू दे."

तिनं राहू दिला. गोल तेवढे लांब केले.

पुढे एका मंगळवारी सकाळी पुष्पांजलीचा फोन आला. साइटवर उत्पन्नाचा रकाना स्वल्पविराम टाकला की अडतो, हे तिला सांगायचं होतं. तिच्या दोन मैत्रिणींनीही पाहिलं होतं. आवाज मोकळा होता, पाठीमागे मुलींची बडबड.

"आज दवाखान्यात नाही आली?" अर्पितानं विचारलं.

"नाई ना. बाबा आता एकटेच जातात, आज बी सकाळच्या गाडीनं गेले. माह्या सगळ्या प्रॅक्टिकल होऊन राह्यल्या. डॉक्टरनं सांगतलं म्हने, आता बरं आहे, आठवड्यातून एकच डाव येत जा."

"असं कमी करतात का?"

"बाबाच म्हनत होते," पुष्पांजली म्हणाली. मग तिला कोणीतरी हाक मारली आणि तिनं फोन ठेवला.

अर्पितानं हातातलं काम तसंच टाकलं आणि दवाखान्यात गेली. डायलिसिसच्या खोलीबाहेर ओळखीच्या सिस्टर होत्या. गोविंदाचं नाव घेताच त्यांचा चेहरा बदलला. "तुम्ही नातेवाईक का? अहो, त्यांना पाठवा. आधी एक वार चुकवला, मग दुसरा. आता तर येणंच बंद केलं. आम्ही फोन केला तर म्हणाले, अकोल्याला मशीन लावून घेतोय."

"आज गाडीत बसून घरून निघाले आहेत ते."

"इकडे तर आले नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

तो बसस्टँडवर सापडला. चिखलीच्या गाड्या लागतात त्या बाजूला, खांबाआडच्या बाकावर. घरून आणलेली डब्याची पिशवी शेजारी तशीच होती. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते आणि चपलेचे पट्टे पायांत रुतले होते. श्वास घेताना खांदे वर येत होते. आजूबाजूला माणसं गाड्यांच्या पाट्या वाचत, सामान ओढत चालली होती. त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"काका, दवाखान्यात नाही गेले?"

तो दचकला नाही. "आज गर्दी होती तथी."

"मी तिथूनच आली."

त्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिला बसायला जागा केली. मग म्हणाला, "पुष्पाले सांगू नोका."

"का करून राहिले तुम्ही हे?"

"डॉक्टरनं पह्यल्याच दिशी सांगतलं होतं." त्याचं वाक्य तुटत होतं. "किडन्या काही परत येत नाईत. मशीन म्हंजे नुसतं पुढं ढकलनं. पोरगी दोन साल झाले माह्यासंगं बाकावर बसून राह्यली. तिची आई एकटी वावरात मरते. मंग कायले ढकलू? अन् तुमच्या साइटवर तर तीनाच्या अकरा होतात. म्या सोता पाह्यलं. तारीख बी पाह्यली. तारखेच्या आत झालं तर पोरगी पार एम.एस्सी.परेंत शिकन."

अर्पिता त्याच्याकडे वळली. "काका, अकरा मिळत नाहीत. त्यांतली एकच घेता येते. एक घेतली की बाकीच्या बंद. आणि त्यांतही पुष्पाला खरी बसते अशी एकच आहे. आता तिला जे मिळणार आहे त्याच्यापेक्षा ती थोडीशीच जास्त आहे."

"अकरा लिहिलं आहे."

"एका वेळी एकच, हेही लिहिलं आहे."

"कोठी?"

तिनं फोन काढला, साइट उघडली, पान खाली सरकवलं आणि त्याच्या हातात दिला. त्यानं फोन लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. ओळ वाचली. मग अंगठ्यानं पान वर ढकलून आकडा पाहिला आणि परत खाली येऊन ती ओळ वाचली.

"हे बारीक काऊन लिहिलं?" त्यानं विचारलं.

आवाजात राग नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. आकडा मोठा असला की मुलं थांबतात, पुढे वाचतात, हे तिनं मांडणीच्या वेळी भाऊरावांना समजावून सांगितलं होतं. त्या बाकावर तिच्याच्यानं ते बोलवलं नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चला ना काका. ऑटो आणते."

गोविंदानं फोन तिला परत दिला. समोर एक गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली. मग तो बाकाला हात टेकून उठायला लागला. उठवेना, तेव्हा त्यानं हात पुढे केला आणि तिनं तो धरला. हात थंड होता आणि बोट दाबलं की खळगा तसाच राहत होता.

दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. मशीन लावलं, नाकाला ऑक्सिजन लावला. अर्पितानं पुष्पांजलीला फोन केला. बाबांना दम लागला आहे, आईला घेऊन ये, इतकंच ती बोलली. संध्याकाळी दोघी आल्या. शालूबाईंच्या साडीला वावरातली माती होती. तशाच त्या निघाल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पायाशी बसून तळवे चोळायला सुरुवात केली आणि कोणी उठवेपर्यंत उठल्या नाहीत. गोविंदानं एकदा डोळे उघडून मुलीकडे पाहिलं. "प्रॅक्टिकल झाली?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं हृदय थांबलं. डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले. फार उशीर झाला होता, असं ते शालूबाईंना म्हणाले.

अर्पितानं साइटवरचा आकडा काढून टाकला. एका वेळी एकच, हे वाक्य तिनं सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत टाकलं. आईवडिलांचा प्रश्न वेगळ्या पानावर नेला. भाऊरावांनी कारण विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. पण उद्घाटन त्यांनी ठरल्या तारखेलाच केलं. "बाकीची पोरं थांबून आहेत," ते म्हणाले. अर्पिता गेली नाही. साइट चालली. मलकापूर, लोणार, सिंदखेडराजाकडून मुलांचे फोन यायला लागले, काहींना पैसे मिळालेही. भाऊराव तिला ते आवर्जून कळवत. ती ऐकून घ्यायची.

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी ती जानेफळला गेली. घर गावाच्या कडेला होतं, वावराला लागून. अंगणात वांग्यांचे कॅरेट रचून ठेवले होते. शालूबाईंनी तिला आत बसवलं, चहा केला. शेजारची म्हातारी आली तेव्हा शालूबाई तिला सांगू लागल्या, "हेच ते मॅडम. यायनंच त्याईले दवाखान्यात नेलं. नाईतर स्टँडवरच पडून राह्यले असते. कोनी पाह्यलं नसतं. दवाखान्यात जायाले निघाले अन् मधातच दम लागला." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "चहा थंडा होऊन राह्यला, घ्या."

अर्पितानं कप उचलला. तिनं चहा संपवला.

तिला फाट्यापर्यंत सोडायला पुष्पांजली निघाली. ती वाळली होती. घरं मागे पडेपर्यंत ती पुढे पुढे चालली. मग म्हणाली, "सिस्टरनं मले सांगतलं. बाबा किती दिस गेलेच नव्हते ते."

अर्पिता चालत राहिली.

"माह्या बोटानं झालं ते," पुष्पांजली म्हणाली. "त्या दिवशी चुकून तो गोल दबला. तवापासून बाबा फोनमधी सारखं तेच पाहत होते. मी विचारलं तर म्हने, गावातल्या एका पोरासाठी पाहतो. म्या दाबलं नसतं तर त्याईले समजलंच नसतं."

अर्पिता थांबली. "तुझ्या बोटानं नाही झालं."

"मंग?"

मग अर्पितानं तिला सगळं सांगितलं. आकडा मोठा का ठेवला, अट बारीक का लिहिली, गोविंदा ऑफिसात आला तेव्हा त्यानं काय विचारलं, आपल्याला तेव्हाच शंका आली होती, आणि आपण गप्प राहिलो. बाकावरचं बोलणंही सांगितलं. स्वतःची बाजू मांडायची नाही, हे तिनं मनाशी ठरवलं होतं, तरी दोनदा "मला वाटलं" असं तिच्या तोंडून गेलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

शेवटी पुष्पांजली एवढंच म्हणाली, "म्हंजे बाबाले मालूम झालं होतं. की एकच भेटते."

"हो."

"मंग ते उठले."

"हो. स्वतःच उठले."

रस्त्यावरून सोयाबीन भरलेला ट्रॅक्टर गेला. धूळ खाली बसेपर्यंत दोघी कडेला उभ्या राहिल्या. पुष्पांजलीनं ओढणीनं तोंड पुसलं.

"मी परीक्षा देनार आहे," ती म्हणाली. "मेहकरले एका मेडिकलमधी सकाळचं काम पाह्यलं आहे. पन ते बाप नसलेल्याची स्कॉलरशिप आहे ना, ते मी भरनार नाई."

तुझ्या बाबांची इच्छा होती, असं अर्पिताच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"अन् आईले यातलं काही सांगू नोका," पुष्पांजली म्हणाली. "ते म्हनते, तुमी बाबाले दवाखान्यात नेलं. त्याच्यावरच ते उभी आहे. तुमी आता इकडं येऊ बी नोका."

"बरं."

फाटा अजून थोडा पुढे होता. पण पुष्पांजली तिथूनच मागे वळली. बांधावरून उतरून ती वावरात शिरली. शालूबाई आधीच वाफ्यात बसून मेथी उपटत होत्या. दुसऱ्या दिवशी डोणगावला माल न्यायचा होता आणि अर्ध्याहून जास्त वाफे अजून बाकी होते.